एक टन ऊब

नगरच्या सावेडीत गॅरेज सगळ्यांकडे आहे, फक्त गाडीला ते मिळत नाही. बंगल्याचा नकाशा मंजूर व्हायचा तर कागदावर 'पार्किंग' दाखवावं लागतं, म्हणून दाखवलेलं असतं. वास्तुशांतीच्या दुसऱ्या दिवशी तिथं उरलेल्या फरशा, रंगाचे अर्धे डबे आणि सुताराची विसरलेली घोडी मुक्कामाला येतात. त्यानंतर गाडीला त्या दारातून आत जायचा योग उभ्या जन्मात येत नाही. गाडी रस्त्याच्या कडेला गुलमोहराच्या फुलांखाली उभी राहते आणि आत गव्हाची कोठी, ज्वारीची पोती, प्लॅस्टिकच्या कागदात बांधलेला कूलर, आत्याच्या लग्नातलं रुखवत आणि हवा गेलेली एक सायकल असा संसार सुखानं नांदतो.

ज्यांच्याकडे एवढी इस्टेट नाही त्यांनी शटर बसवून गॅरेज भाड्यानं दिलेलं असतं. प्रोफेसर कॉलनी चौकातून निघून पाईपलाईन रोडपर्यंत एक चक्कर मारली तर पिको-फॉल, झेरॉक्स, ब्युटीपार्लर, घरगुती मेस, अभ्यासिका, अकरावी-बारावीचे क्लास असं सगळं शटरमागे सापडतं. सावेडीत पोरं इंजिनीअर होतात ती गॅरेजातच. त्यासाठी स्टीव्ह जॉब्जचं नाव घ्यायची गरज नाही, त्याच्या गॅरेजात फी आगाऊ भरावी लागत नव्हती.

आमच्या शेजारच्या काकांचं गॅरेज मात्र वेगळं. ते भाड्यानंही दिलेलं नव्हतं आणि अडगळीलाही पूर्ण शरण गेलेलं नव्हतं. काका नागापूरच्या एमआयडीसीतून निवृत्त झाले तेव्हा त्यांनी घरात जाहीर केलं होतं की आता आपण आपली लुना पुन्हा रस्त्यावर आणणार. लुना म्हणजे 1972 साली कायनेटिक इंजिनीअरिंगनं काढलेली ती पॅडलवाली मोपेड. तिच्याबद्दल नगरकरांना जरा हळवंच वाटतं, कारण कंपनीचा कारखाना इथलाच. ज्या गाडीनं अर्ध्या नगरला दूध, रॉकेल आणि नवी सून अशी तिन्ही एकाच फेरीत आणून दिली, ती गाडी गंजू द्यायची नाही असा काकांचा निश्चय होता. निश्चयाला पहिला अडथळा आला तो थंडीचा.

बाहेरच्या माणसाला नगरची थंडी खरी वाटत नाही. त्याला महाबळेश्वर ठाऊक असतं, फार तर निफाड. पण नगर समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटरवर, समुद्रापासून लांब, हवा कोरडी, आभाळ निरभ्र. दिवसभर तापलेली जमीन रात्री सगळी ऊब त्या आभाळाला देऊन मोकळी होते. डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली उतरतो आणि दुपारी पुन्हा तीसच्या आसपास चढतो. सकाळी कानटोपी, दुपारी उसाचा रस. 2024 पासून सरकारी कागदावर जिल्हा अहिल्यानगर झाला. काकांच्या मते थंडीनं अजून पाटी बदललेली नाही, ती नगरचीच पडते.

आता गंमत अशी की ही थंडी दरवर्षी येते, तरी आमच्यापैकी कुणीही तिच्यासाठी खिशात हात घालत नाही. घालतो तो फक्त बोटं गार पडली म्हणून. उन्हाळ्याचं तसं नाही. उन्हाळ्यासाठी आमच्याकडे कूलर, एसी, माठ, वाळ्याचे पडदे, गच्चीला पांढरा रंग, आणि कर्ज. ही परंपरा जुनी आहे. आमच्या सावेडीच्याच अंगाला भिस्तबाग महाल उभा आहे. निजामशाहीतल्या सुलतानांनी बांधलेला, अष्टकोनी, भोवती तेव्हा पाण्याचं तळं. शहराच्या दुसऱ्या टोकाला फराहबाग, तोही तेव्हा पाण्याच्या मधोमध. वारा पाण्यावरून यावा आणि गार होऊन दिवाणखान्यात शिरावा, एवढ्यासाठी नहरी खोदून लांबून पाणी आणलं. सुलतानांनी गारव्यावर एवढा खर्च केला. उबेसाठी काय केलं असेल? शाल पांघरली असेल. आम्हीही तेच करतो. शेकोटीला सुकी पानं फुकट मिळतात, आणि थंडी चार दिवसांची पाहुणी आहे हे वाक्य तर त्याहून फुकट.

काकांनी हे वाक्य आयुष्यभर उच्चारलं होतं. पण सकाळी सहाला गॅरेजात उतरून गार पाना हातात घेतला की पाना सुटायचा, नट घरंगळत कोठीखाली जायचा आणि काका नटाला उद्देशून जे बोलायचे ते काकूंना देवघरात ऐकू जायचं. अशातच एकदा अमेरिकेतून भाच्याचा व्हिडिओ कॉल आला. भाचा मिनेसोटात असतो. बाहेर उणे वीस, दारात गुडघाभर बर्फ, आणि हा पठ्ठ्या गॅरेजात टी-शर्टवर उभा राहून लाकडाला रंधा मारतोय! काकांनी विचारलं, शेगडी कुठंय? भाच्यानं फोन वर फिरवला. भिंतीवर आपला नेहमीचा स्प्लिट एसी.

"एसीनं गरम करतोस?"

"मामा, हा उलटा चालतो."

त्या रात्री काकांना झोप लागली नाही असं काकू सांगतात. थंडीमुळे की विचारानं, ते त्यांना सांगता येत नाही.

यंत्र खरंच उलटं चालतं. एसी गारवा तयार करत नाही, तो घरातली ऊब उचलून बाहेर फेकतो. त्यातल्या पाईपांमध्ये एक झडप बसवली की वायूची वाट उलटते. मग तो बाहेरची ऊब उचलून घरात आणतो. बाहेर आठ अंश असताना तिथं कसली आली ऊब, असं कुणीही विचारील. पण हवा आपल्याला गार लागली तरी यंत्राला तशी लागत नाही. आत जो आर-32 नावाचा वायू फिरतो तो उणे बावन्न अंशांनाच उकळायला लागतो. त्याच्या दृष्टीनं सावेडीची जानेवारीतली पहाट म्हणजे कडक ऊन. रसवंतीवाला जसा उसाचं चिपाड दुमडून पुन्हा चरकात घालतो आणि आपल्याला वाटतं संपलं, तोवर आणखी अर्धा ग्लास निघतो, तसं हे यंत्र गार हवेला पिळतं. त्यात खरी मेख पुढं आहे. कॉईलचा हीटर एक युनिट वीज खाऊन एकच युनिट ऊब देतो. हे यंत्र एक युनिट खाऊन आपल्याकडच्या थंडीत तीन, कधी त्याहून जास्त युनिट ऊब आणून टाकतं, कारण त्याला ऊब बनवायची नसते, फक्त वाहून आणायची असते.

हा हिशेब काकांनी सकाळच्या फिरायला जाणाऱ्या मंडळींना भिस्तबाग चौकात उभ्या उभ्या समजावून सांगितला. मंडळी गप्प झाली. पतसंस्थांच्या जिल्ह्यातला माणूस 'एकाचे तीन मिळतात' हे ऐकून आनंदत नाही, तो आधी विचारतो, संचालक मंडळात कोण आहे? एकानं तर काकांना बाजूला घेऊन हळूच सांगितलं, "सुरुवातीला देतात हो तिप्पट. मग एक दिवस शटर बंद."

दुकानातही प्रकरण सोपं नव्हतं. 'हॉट अँड कोल्ड' म्हटल्यावर दुकानदारानं काकांकडे, मग काकूंकडे पाहिलं. "साहेब, हे मॉडेल दिल्ली-पंजाबकडं जातं. इकडं कुणी घेत नाही. बेडरूमला?"

"गॅरेजला."

"गाडी कोणती?"

"लुना."

दुकानदार सभ्य होता. त्यानं चहा मागवला. एक टन की दीड, यावर चर्चा झाली. काकांना तर या 'टन' प्रकरणाचाच राग. गॅरेज तापवायचंय आणि माप घ्यायचं बर्फाचं! पण आहे ते तसंच. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळवायला जेवढी उष्णता लागते तो एसीचा एक टन, आणि तोही अमेरिकी टन, म्हणजे 907 किलो. गारवा यंत्रातून यायच्या आधी तो तळ्यातून कापून विकला जायचा, त्या काळची ही आठवण. असला बर्फ अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सहून भुशात भरून जहाजानं 1833 साली कलकत्त्याला आणि पुढच्या वर्षी मुंबईला आला. मुंबईत जमशेटजी जीजीभॉय यांनी पाहुण्यांना आइस्क्रीम खिलवलं आणि खाणाऱ्यांना सर्दी झाली, असा किस्सा सांगतात. काकूंना हा किस्सा फार पटला. विकतच्या हवेनं सर्दी होते हे त्यांचं मत त्याआधीपासूनचं होतं. त्यातून त्यांनी दुकानातच एक प्रश्न टाकला, त्याचं उत्तर काकांना आजवर देता आलेलं नाही: "आपल्या नगरच्या टँक म्युझियममध्ये एवढे रणगाडे उघड्यावर उभे आहेत, एकानं तरी कुरकुर केलीय का? आणि तुमच्या लुनाला ऊब पाहिजे!"

एक टनाचा आला.

बसवायला आलेला पोरगा हुशार होता, पण त्यानं रिमोटवरच्या सूर्याच्या चित्राला आजवर बोट लावलेलं नव्हतं. लावलं, आणि काहीच झालं नाही. पंखा गप्प. काका घड्याळाकडं पाहतायत, पोरगा छताकडं. "गॅस भरावा लागेल," पोरगा म्हणाला. नव्या कोऱ्या यंत्राबद्दलही हे वाक्य इतक्या सहजपणे बोलता येतं, ही त्या धंद्याची तालीम. खरं तर अशा यंत्रात आतलं जाळं तापेपर्यंत पंखा मुद्दाम थांबवून ठेवलेला असतो, नाहीतर पहिला झोत गारच अंगावर यायचा. थोड्या वेळानं पंखा आपोआप फिरला, गरम वारा आला आणि पोरानं 'बघा, केलं चालू' अशा नजरेनं पैसे घेतले.

पहिल्या पहाटे काका गंजीफ्रॉकवर बसले होते असं ते सांगतात. काकू सांगतात, डोकं गंजीफ्रॉकवर आणि पाय लोकरीच्या मोज्यात. दोघंही खरं बोलतात. गरम हवा वर जाते आणि यंत्र आधीच आठ फुटांवर टांगलेलं. त्यामुळे छताशी वैशाख, शहाबादी फरशीपाशी पौष. डोकं थंड आणि पाय गरम असावेत असं आपल्याकडे वडीलधारे सांगत आले. काकांनी सत्तर हजारांच्या आतबाहेर खर्च करून त्याच्या बरोब्बर उलट करून दाखवलं.

काका अखेर इंजिनीअर. त्यांनी वही काढली. गॅरेज दहा फूट बाय अठरा, उंची दहा. एवढ्या जागेतल्या हवेचं वजन भरतं साधारण पंचावन्न किलो. (हे ऐकून काकू म्हणाल्या, "म्हणजे माझ्यापेक्षा कमीच.") ही हवा दहा अंशांनी तापवायला एका युनिटचा जेमतेम सहावा हिस्सा ऊब पुरते. तीन-चार मिनिटांचं काम! मग पाय गार का? तर गॅरेजात हवा एकटी राहत नाही. वर पाच टनांचा स्लॅब आहे. तो दहा अंशांनी चढवायचा तर बारा-तेरा युनिट ऊब त्यालाच लागते. भिंती आणि फरशी त्यानंतर रांगेत. हवा बिचारी लगेच तापते आणि स्लॅब तिच्याकडून सगळं काढून घेतो, जसं... नको, प्रत्येक घरात असा एक नातेवाईक असतोच.

स्लॅबचं एक वेळ चालेल, तो निदान घेतलेलं संध्याकाळपर्यंत परत तरी देतो. शटर काहीच परत देत नाही. लोखंडी पत्र्याच्या पट्ट्या, प्रत्येक दोन पट्ट्यांत फट, वरच्या गुंडाळीच्या पेटीतून आभाळ दिसतं आणि खालच्या फटीतून मांजराची पिल्लं आत-बाहेर करतात. मिनेसोटातल्या भाच्याच्या दाराला आत फोमचा जाड थर असतो आणि कडांना रबर. त्यामुळे बाहेर आणि आत चाळीस अंशांचा फरक असला तरी गडी टी-शर्टवर. काकांच्याकडे फरक अवघा बारा-चौदा अंशांचा, यंत्राला हातचा मळ, पण शटरमधून ऊब अशी जाते की बाहेर रस्त्यावरची कुत्री शटरला पाठ लावून झोपायला लागली. गल्लीतल्या कुत्र्यांना एवढं सुख निजामशाहीतही मिळालं नसेल.

यावर उपाय त्याच गॅरेजात धूळ खात पडला होता. 2018 साली राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली तेव्हापासून काकांचं जुनं गणपतीचं मखर माळ्यावर होतं. वापरायचं नाही म्हणून वापरत नव्हते आणि देवाचं म्हणून टाकवत नव्हतं. काकांच्या लक्षात आलं की एक इंच थर्माकोल ऊब अडवण्यात वीसेक इंच विटांच्या भिंतीला भारी पडतो. दोन दिवसांत महिरप, खांब, दोन मोर आणि एक कमळ शटरला आतून चिकटले. फटीत गोणपाट, खाली सतरंजीची गुंडाळी. आता शटर वर घ्यायचं म्हटलं तर मोरांची मान मोडते, म्हणून शटर कायमचं बंद. येणं-जाणं स्वयंपाकघराच्या बाजूच्या दारातून.

काकांचा घात झाला तो या दारानं. शटर होतं तोवर गॅरेज बाहेरच्या जगाचं होतं. स्वयंपाकघराशी जोडलं गेलं आणि त्याचा ताबा बदलला.

थंडीत नगरला दही लागत नाही. ही या लेखातली सर्वांत गंभीर बाब आहे. पातेलं ब्लँकेटमध्ये गुंडाळा, कणकेच्या डब्यात पुरा, पिठाच्या गिरणीवर ठेवा, सकाळी दूध ते दूधच. इडलीचं पीठ तर फुगायचं नावच घेत नाही, आणि सून मूळची बेळगावची असेल तर घरात तणाव निर्माण होतो. काकूंनी एका रात्री काही न बोलता विरजलेलं पातेलं गॅरेजात माळ्यावर, छतालगत ठेवलं. काकांच्या डोक्याला जिथं वैशाख लागत होता, तिथंच. सकाळी दही असं लागलं की पातेलं उलटं केलं तरी पडेना.

बातमी गल्लीत पसरायला महावितरणची तार लागत नाही. दुसऱ्या आठवड्यात माळ्यावर पातेल्यांची रांग, प्रत्येकावर कोरलेली नावं, शिवाय दोन घरांची इडलीची पिठं. खालच्या बाजूला दोरी बांधून लहान बाळांची लंगोटं. थंडीत बाळाला तेल लावून न्हाऊ घालायला एवढी सोयीची जागा दुसरी नाही, असं एका न्हाणाऱ्या मावशींनीच प्रमाणपत्र दिलं. फिरायला जाणारी मंडळी, तीच ती 'शटर बंद'वाली, आता फिरायला जायच्या ऐवजी पावणेसहाला लुनाच्या भोवती खुर्च्या टाकून बसतात आणि कार्बोरेटरवर मतं देतात. काकांना बावीस अंश हवे असतात. काकूंच्या मैत्रिणींना दह्यासाठी अठ्ठावीस. रिमोट कुणाकडं असतो हे विचारायची गरज नाही. बिलात दिवसाला दोन-अडीच युनिटांची भर पडते. काका ती रक्कम मोजतात आणि समोरचा माणूस वाटीभर दही पुढं करतो.

लुनाचं इंजिन अजून खाली काढलेलंच आहे. तिच्या सीटवर खमंग काकडीची वाटी असते.

हे असंच चाललं असतं, पण यंत्राचा बाहेरचा अर्धा भाग कुणाच्या लक्षात नव्हता. तो बसवलाय कंपाउंडच्या भिंतीवर आणि त्याचं तोंड पलीकडच्या बंगल्याच्या ओसरीकडं. त्या ओसरीत एक निवृत्त तहसीलदार पहाटे प्राणायाम करतात. उन्हाळ्यात शेजाऱ्याचा एसी गरम हवा सोडतो हे सगळ्यांनाच माहीत आहे, त्यावरून भांडणंही होतात. पण उलट्या चाललेल्या एसीचा बाहेरचा पंखा गार हवा सोडतो. आठ अंशांची पहाट तो आणखी तीन-चार अंशांनी गार करून थेट अनुलोम-विलोमात सोडतो. वर गार झालेल्या जाळ्यावर दव धरतं आणि थेंब थेंब पाणी त्यांच्या स्कूटरच्या सीटवर पडतं.

साहेब स्वतः आले. उपरणं डोक्याला गुंडाळलेलं. काकांनी खुर्ची दिली, चहा दिला आणि सवयीप्रमाणे यंत्र समजावायला घेतलं. म्हणजे बघा साहेब, यंत्र ऊब तयार करत नाही. तुमच्या बाजूच्या हवेत जी ऊब आहे ना, ती आम्ही उचलून आत घेतो.

तहसीलदारांनी कप खाली ठेवला.

"माझ्या हद्दीतली?"

काका अडखळले. वेळ निघून गेली होती. ज्या माणसानं प्रवरा, मुळा आणि गोदावरीच्या पात्रांतली वाळू मोजत नोकरी केली, त्याच्यासमोर कुणी असा कबुलीजबाब देतं का?

"किती दिवस उपसा चालू आहे?"

"दिवाळीपासून," काकू मागून म्हणाल्या. खरं बोलायची सवय माणसाला कुठं नेईल सांगता येत नाही.

"परवाना?"

मंडळी लुनाकडं बघायला लागली. साहेबांनी उठून गॅरेजाची पाहणी केली. माळ्यावरची पातेली नावांसकट पाहिली, म्हणजे लाभार्थ्यांची यादी आयतीच मिळाली. थर्माकोलच्या मोरांकडं पाहून 'हाही एक गुन्हा आहे' असं काहीसं पुटपुटले. मग बसले. खरं सांगायचं तर गॅरेजात फार छान वाटत होतं, उपरणं त्यांनी केव्हाच काढलं होतं. जप्ती करायची की तडजोड, यावर दोन कप चहा झाला. शेवटी स्वामित्वधन ठरलं: बाहेरच्या यंत्राचं तोंड गच्चीकडं फिरवायचं, आणि हंगाम संपेपर्यंत रोज एक वाटी घट्ट दही पलीकडं पोहोचवायचं, इडलीचं पीठ असेल त्या दिवशी तेही. काकांनी हात जोडून मान्य केलं आणि अशा व्यवहाराची पावती मिळेल का म्हणून विचारलं. साहेब म्हणाले, पावती मिळणार नाही, पण उद्यापासून प्राणायामाला मी इथंच येईन.